नकाशावरची सही कुणासाठी?

वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील ५५६ कुटुंबांच्या हाती १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या पडल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या माणसांना ५०० चौरस फुटांचे घर मिळाले. त्यांच्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. आज मुंबई-ठाण्यात चाळ असो, झोपडपट्टी असो की जुनी सोसायटी, जिकडे तिकडे पुनर्विकासाचीच बोलणी चालू आहेत. सभेत प्रश्न विचारले जातात ते ठरलेले. किती फूट मिळणार? भाडे किती देणार? कॉर्पस किती? पण 'आर्किटेक्ट कोण, आणि तो कुणाचा?' हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. आज आम्ही त्याविषयीच वाचकांशी बोलणार आहोत.

आर्किटेक्ट म्हणजे नकाशा काढून देणारा साहेब, एवढीच आपली समजूत असते. कायदा त्याला याहून मोठा मानतो. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. या लोकांनी कसे वागावे याचे नियम १९८९ साली झाले. आपल्या कामाने परिसराचे व समाजाच्या पुढच्या हिताचे नुकसान होऊ देऊ नये, हे त्यात सांगितले आहे. काम मिळवण्यासाठी कमिशन किंवा भेटी देऊ-घेऊ नयेत, बांधकामाचा करार राबवताना निःपक्षपाती राहावे, आपला कुठे धंद्याचा संबंध गुंतला असेल तर तो ग्राहकाला आधीच सांगावा, असेही त्यात आहे. हे मोडणाऱ्याला कौन्सिल समज देऊ शकते, काही काळ व्यवसाय बंद ठेवायला लावू शकते, आणि नोंदणीतून नावही काढू शकते.

म्हणजे आर्किटेक्टला दोन मालक आहेत. एक फी देणारा ग्राहक आणि दुसरा समाज. अडचण इथेच आहे. फीचा चेक बिल्डर देतो आणि घरात राहतो आपण. बिल्डरला एकेक फूट विकायचा असतो. आपल्याला त्याच फुटातून उजेड आणि वारा हवा असतो. अशा वेळी आर्किटेक्टची सही कुणाच्या बाजूने पडते, यावर आपल्या मुलाबाळांचे आयुष्य ठरते.

गोवंडी-मानखुर्द भागातल्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहती पाहा. इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने या वसाहतींचा अभ्यास केला व तो २०१८ साली पुढे आला. ऊन आणि हवा न मिळणारी घरे व क्षयरोग यांचा संबंध त्यात दिसून आला. या इमारती काही चोरून बांधलेल्या नाहीत. पुनर्वसनासाठी सरकारनेच नियम सैल केले होते आणि नकाशे त्या नियमांत बसत होते. आमचे म्हणणे एवढेच की, नियमात बसणे आणि माणसाला पुरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे नियम थांबतो तिथे आर्किटेक्टची नीती सुरू झाली पाहिजे.

अशी नीती पाळून काम करता येते, हे चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला दाखवले. १९८० च्या दशकात सिडकोसाठी बांधलेल्या त्या वसाहतीत त्यांनी छोट्या अंगणाभोवती सात-सात घरे मांडली. कोणत्याही दोन घरांची भिंत एक ठेवली नाही. कारण साधे. सून आली, नातवंडे झाली की गरिबाचे घर वाढते. शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता ते वाढवता यावे, हा विचार त्यांनी आधीच केला होता. राहणाऱ्यांना घर बदलायचा हक्क आहे, हे मानणारा तो नकाशा होता.

याउलट २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये एक पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे गेली. इमारत फार जुनी नव्हती, दहाएक वर्षांचीच. बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आर. सी. सी. सल्लागार यांच्यावरही गुन्हा नोंदला गेला. दोष कुणाचा हे न्यायालय ठरवील. पण कागदावरची सही ही जबाबदारी असते, हे सर्वांनी ध्यानात घ्यावे.

आता थोडे आपल्याही घरात पाहू. ग्राहकालाही नीती असते. आपलेच लोक म्हणतात, "साहेब, तेवढा खांब मध्ये येतो, काढून टाका." गॅलरी आत घेऊन द्या, पोटमाळा चढवून द्या, असाही आग्रह धरतात. नाही म्हणणारा आर्किटेक्ट आडमुठा ठरतो आणि हो म्हणणारा भला. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईसिद्धी इमारत पडून १७ जीव गेले, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते व खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. 'नाही' हा शब्द ऐकून घेण्याचीही सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

मग करायचे काय? सोसायटीचा पुनर्विकास असेल तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाचा आधार घ्या. बिल्डर ठरवण्याच्या आधी सोसायटीने स्वतःचा आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा असतो. त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्या आणि तो मराठीत वाचून दाखवायला सांगा. त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. बिल्डरशी तुमचा काही संबंध आहे काय, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

विक्रीचे घर घेणाऱ्यांनी २०१६ चा रेरा कायदा समजून घ्यावा. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ती काढताना काम किती झाले याचे दाखले इंजिनियर, आर्किटेक्ट आणि सी. ए. यांनी द्यायचे असतात. खोटा दाखला म्हणजे आपल्या घामाच्या पैशाला पाडलेले भोक.

नकाशा पाहायला माता-भगिनींना पुढे बसवा. ओट्यापाशी खिडकी आहे काय, मोरी कुठे, कपडे कुठे वाळणार, म्हातारी माणसे जिना कशी चढणार, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? आपल्यात गवंडी आहेत, सेंट्रिंगवाले आहेत, फिटर आहेत. माल कमी पडतो आहे हे त्यांच्या नजरेला लगेच दिसते. त्यांना देखरेख समितीत घ्या.

आणि आपली मुले-मुली या पाच वर्षांच्या शिक्षणाकडे वळली तर आम्हाला आनंदच होईल. एका खोलीत आठ माणसांनी झोपताना पाय कुठे लांबवायचे, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातून निघालेला नकाशा वेगळाच असेल. सही करताना तो खिडकीला आधी जागा देईल.