भाच्याची पहिली रायफल

बुऱ्हाणपूरला बहिणीकडे गेलो होतो. १२ वर्षांचा भाचा हटून बसलेला, "मामा, पॉइंट टू-टूच हवी!" जवळच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर आणि आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे त्याच रायफलीने खेळतात. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत दोघांच्या संघाने सुवर्ण जिंकले.

मला विचाराल तर सुरुवात ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलनेच करावी. पॉइंट टू-टूला परवाना लागतो, आणि परवान्याचे कागद किती टेबले फिरतात हे आम्हा कारकुनांना ठाऊक! शिवाय वजन बघा. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंतची चालते, पण ती या पोराला पेलणार कशी? हलकी, बट मागेपुढे सरकणारी घ्यावी. भावजी म्हणाले, "दोन वर्षांनी पुन्हा खर्च." होऊ दे. शाळेचे बूटही दरवर्षी घेताच की.