आधी संकासुराला येऊ द्या

तुळशीचे लग्न लागले की सिंधुदुर्गात जत्रांचा मोसम सुरू होतो आणि नाक्यानाक्यावर दशावतारी नाटकांचे फलक दिसू लागतात. आख्यानाचे नाव ठळक अक्षरांत, त्याखाली ‘ट्रिकसीनयुक्त’, म्हणजे धुराबिराच्या चमत्कारांसह. कुठे ‘संयुक्त दशावतार’, म्हणजे वेगवेगळ्या मंडळांतले गाजलेले कलावंत एका रात्रीपुरते एकत्र. राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीपार्टी कोण करतो, एवढे वाचले की मालवण-कुडाळचा रसिक गाडीला किक मारतो. एक गोष्ट मात्र हल्ली फारसे कुणी विचारत नाही. आडदशावतार करतले मां? म्हणजे, आडदशावतार करणार ना?

ज्यांनी तो पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दशावतारी खेळाचे दोन भाग. पहिला आडदशावतार, दुसरा आख्यान. आडदशावतारात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी पूजा सांगतो, मोरावरची सरस्वती नाचून जाते, ब्रह्मदेव येतो. मग काळ्या वेशातला संकासुर घुसतो, वेद पळवतो आणि शेवटी विष्णू त्याचा वध करतो. त्यानंतर मुख्य कथा, ती पहाटेपर्यंत. उजाडताना दहीकाला. या काल्यावरूनच जुनी माणसे अख्ख्या नाटकाला ‘धयकालो’ म्हणतात.

यातला पहिला भाग आज कापला जातो आहे. कुठे दहा मिनिटांत गणपती उरकून थेट आख्यान, कुठे तेवढेही नाही. तो वाचवायला हवा, आणि तो वाचवणे आपल्या हातात आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

आख्यानांचा पसारा बघा. रामायण, महाभारत, भागवत, शिवलीलामृत, नवनाथांच्या कथा हे मूळ भांडवल. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या नवी आख्याने रचली गेली. आता तर कुठल्याच पुराणात नाव नसलेले दैत्य, हरवलेले राजपुत्र, वर, शाप, उ:शाप असे नवे कथानक दर मोसमाला येते. जत्रेत चहाच्या टपरीवर त्यावरून वादही होतात. एक म्हातारा म्हणतो, “ह्यां खंयच्या पुराणात आसा?” आणि त्याचा नातू म्हणतो, ट्रिकसीन बघ, पुराण कशाला? दोघेही रसिकच. म्हातारा विचारतो आहे की एवढा पसारा वाढल्यावर हे अजून तेच नाटक आहे का.

हा प्रश्न फक्त आपला नाही. १९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथांची मालिका दूरचित्रवाणीवर आली. दोन मोसमांनंतर ती बंद पडणार अशी कुणकुण लागताच बिजो आणि जॉन ट्रिम्बल या नवराबायकोने चाहत्यांना पत्रे लिहायला लावली. वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पडला आणि मार्च १९६८ मध्ये मालिका चालू राहील असे वाहिनीला जाहीर करावे लागले. तिसरा मोसम मिळाला, एकूण ७९ भाग झाले. आज त्या जगात इतक्या मालिका आणि चित्रपट आहेत की हे सारे अजून एकच जग आहे का यावर चाहते हमरीतुमरीवर येतात. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेची तऱ्हा आणखी वेगळी. २०१२ मध्ये डिस्नेने ती बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २०१४ मध्ये जाहीर केले की इतकी वर्षे छापलेल्या कादंबऱ्यांमधल्या कथा यापुढे मूळ कथेचा भाग धरायच्या नाहीत. मालक बदलला, हुकूम निघाला, वाचक चरफडत राहिले.

दशावताराला असा मालक नाही. पुराणांवर कुणाचा हक्क नाही आणि नाटकाला छापील संहिता नाही. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता कथानक सांगितले जाते: तू अमक्याचा मुलगा, तुला अमुक शाप, तिसऱ्या प्रवेशात तुमची गाठ. बस्स. पुढचे सगळे बाकड्यापाशी, लोकांसमोर. ते एक बाकडे कधी सिंहासन, कधी रथ, कधी कैलासाचा कडा. समोरचा नट काय बोलेल हे दुसऱ्याला ठाऊक नसते. तो पुराणातला दाखला देतो, हा दुसऱ्या दाखल्याने तो उलटवतो. पायपेटीवाला नटाच्या डोळ्यांकडे बघत सूर धरतो, मृदंगवाला शब्दाच्या वजनावर थाप टाकतो. अशी बोलाचाली तासभर चालली तरी जत्रेतली म्हातारी हलत नाही, कारण दाखला चुकला तर तिला कळतो.

संहिता नाही, मालक नाही, मग एवढा पसारा एकत्र कशाने राहिला? माझे उत्तर आडदशावतार हेच आहे. आख्यान कुठलेही असो, मंडळ कुठलेही असो, आधी तोच गणपती, तोच संकासुर, तोच विष्णू. त्या अर्ध्या-पाऊण तासात नट आणि लोक दोघेही एका मापात येतात. मग मध्यरात्री कुणी नवा दैत्य आणला तरी म्हाताऱ्याला ठाऊक असते की हे सगळे कुठून निघाले आणि कुठे पोचणार आहे. हे माप काढून घेतले तर आख्यान रात्रीच्या दूरचित्रवाणी मालिकेचाच एक भाग होते, फरक एवढाच की धूर खरा असतो.

संकासुराला लोक नुसता विनोदी समजतात. तो वेद चोरतो खरा, पण त्याच्या तोंडी शुद्ध मालवणी असते आणि तो गावाचे सगळे बाहेर काढतो. रस्त्यातले खड्डे, मासळीचा भाव, कमिटीतली भांडणे, मुंबईहून आलेल्या पाव्हण्याचा चष्मा, काही सोडत नाही. देव संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात आणि हा त्यांच्याशी आपल्या बोलीत हुज्जत घालतो. गावाला रंगमंचावर बोलायची ही एकच हक्काची जागा, आणि आपण नेमकी तीच वेळ नाही म्हणून कापतो! नव्या पोराला रंगमंचावर पाय ठेवायलाही याहून बरी जागा नाही. पात्र लहान, पदे ठरलेली, चुकले तर मंडळाचा नाईक सावरून घेतो.

ट्रिकसीनवर माझा राग नाही. धुरातून देवी वाघावर आली की पोरांच्या आधी मीच मान वर करतो. परंपरा म्हणून आपण जी पेटी डोक्यावर घेतो ती तरी कुठे पुराणातली आहे? ती विलायतेहूनच आली. नव्याला जागा द्यायलाच हवी, पण ती जुन्याचा गळा कापून नको.

कलावंतांना दोष देणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. “रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा” ही म्हण त्यांच्यावरूनच पडली. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत, आता गाडी आहे, पण झोप आजही तेवढीच. जत्रेत देवाची पालखी फिरून यायला मध्यरात्र होते, नाट्यगृहातल्या प्रयोगाला तीन तासांची मर्यादा असते, आणि सुपारी देणारा विचारतो ते फक्त आख्यानाबद्दल. मागणी नाही ते मंडळाने का करावे?

तेव्हा मागणी आपण करू. ट्रिम्बल दांपत्याला पत्रे पाठवायला वाहिनीचा पत्ता तरी होता. आपला पत्ता जवळचाच आहे: देवस्थानची कमिटी आणि मुंबईतले गावकरी मंडळ. सुपारी देताना सांगा की आडदशावतार पुरा पाहिजे, आणि त्याचे पैसे वेगळे द्या. आख्यानात आवडत्या नटाला बक्षीस देता आणि माईकवर नाव ऐकून खूश होता, यंदा ती नोट संकासुराला द्या. चाकरमान्यांनो, दोन दिवसांची रजा काढून येता, तर नाटकाला एकच्या ठोक्याला नको, पहिल्या थापेला या.

मंडळांच्या नाईकांनाही हात जोडून एक मागणे आहे. प्रत्येक परंपरागत मंडळाची पदे आणि चाली थोड्या थोड्या वेगळ्या. जाणती माणसे आहेत तोवर एकेका मंडळाचा संपूर्ण आडदशावतार, मृदंगाच्या बोलांसकट, चित्रित होऊ द्या. फोनवर घेतलेला तुकडा नको, पहिल्यापासून शेवटपर्यंत हवा. हे जमणार नाही असे म्हणू नका. आपल्याच पिंगुळी गावात परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपण्यासाठी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात केली तेव्हा त्यांच्याही मागे कुणी धनिक उभा नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ चित्रपट पाहून शहरातल्या पुष्कळांना या कलेची नव्याने ओढ लागली आहे. त्यांनाही बोलावणे आहे. गोधडी घेऊन या, खाजे विकत घ्या, बाकड्यासमोर जमिनीवर बसा.

आणि गावकऱ्यांनो, जत्रेच्या आधी देवळात बैठक बसते, तिथे मांडवाचा आणि दिव्यांचा खर्च ठरतो. तिथे उठून विचारा, आडदशावतार करतले मां? वेळ नाही असे उत्तर आले तर म्हणा, आख्यानातली एक लढाई कमी करा. तशा चार असतात.