३०० अब्ज डॉलरमध्ये मानकोली कुठे?

मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचा आराखडा नीती आयोगाने २०२४ मध्ये राज्य सरकारला दिला. त्यात भिवंडीच्या गोदामांचा वाटा मोठा राहणार, हे कळायला तिथल्या मानकोली नाक्यावर तासभर उभे राहिले तरी पुरे. मुंबईची जकात वाचवायला इथे गोदामे वाढली. जुलै २०१७ मध्ये जकात गेली, वस्तू व सेवा कर आला, तरी ती उठली नाहीत. उलट राज्याराज्यांतली लहान गोदामे गुंडाळून कंपन्या मोठ्या जागा शोधू लागल्या आणि मानकोली, अंजूर, राहनाळ, पूर्णा या गावांत भाताच्या खाचरांवर पत्र्याच्या शेड चढल्या.

ही उलाढाल मोजायची तर जीडीपी, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, हवेच. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पादन पहिल्या अंदाजानुसार सुमारे २४ टक्क्यांनी आकसले. टाळेबंदीच्या त्याच काळात मुंबई-नाशिक महामार्गावरून मजुरांचे तांडे पायी निघाले होते आणि भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली होती. पोटावर आलेल्या संकटाची खोली त्या आकड्याने राज्यकर्त्यांसमोर मांडली. सरकारने किती कर्ज काढावे, तूट किती ठेवावी, हेही जीडीपीच्या टक्क्यांतच ठरते. त्यामुळे हे मापच मोडीत काढा, हा सल्ला आम्हाला मान्य नाही.

पण २९ एप्रिल २०२३ रोजी मानकोलीजवळच्या वलपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली तीन मजली इमारत भर दुपारी कोसळली. खाली गोदाम आणि काम करणारे मजूर, वर बिऱ्हाडे. आठ जणांचा जीव गेला. जीडीपीच्या हिशेबात ही घटना कशी उतरते पाहा. इमारत नाहीशी झाली त्याची वजाबाकी नाही. ढिगारा उपसण्यावर झालेला सरकारी खर्च, रुग्णालयाचे बिल, उद्या तिथे उभे राहील ते बांधकाम, हे सारे जमेच्या बाजूला. शेतकऱ्याने जमीन विकली तर ती रक्कम जीडीपीत येत नाही. दलाली येते, पुढे गोदामाचे भाडे येते. भरतीचे आणि पावसाचे पाणी पोटात घेणारी खाजणे बुजली, त्याची नोंद कोणत्याच रकान्यात नाही. नाक्यावरच्या कोंडीत टेम्पोचालकाचे गेलेले तासही नाहीत. बिनपगारी घरकामाचे तर विचारूच नका: २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत ते करणाऱ्या बाईची रोजची २८९ मिनिटे निघाली, पुरुषाची ८८, दोन्हींची जीडीपीतली किंमत शून्य.

राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचे कल्याण ताडता येत नाही, असा इशारा हे माप घडवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला दिला होता. आपल्याकडे १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासोबत धनंजयराव गाडगीळ होते. त्याच गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुण्यातली कुटुंबे गाठून शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. देशाची बेरीज मांडणाऱ्या या माणसाला घरात डोकावण्याचीही गरज वाटली होती.

ठाणे जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न आर्थिक पाहणीत दरवर्षी छापून येते. त्या एका सरासरीत घोडबंदरचे टॉवर, शहापूरचे आदिवासी पाडे आणि मानकोलीचा हमाल एकत्र दडपले जातात. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने भिवंडी तालुक्याची गाडगीळांच्या धर्तीवर कुटुंबवार पाहणी हाती घ्यावी: मजुरी किती, माथाडी मंडळात नोंद आहे का, पाणी किती तास, कामाच्या जागेला बांधकाम परवानगी आहे का. आणि ३०० अब्जांच्या वाटचालीचा अहवाल मांडताना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) भिवंडीतल्या किती गोदामांची संरचनात्मक तपासणी झाली, किती धोकादायक निघाली आणि किती रिकामी केली, हे पहिल्या पानावर द्यावे.