अभ्यास मुलांचा, प्रश्न कोणाचे?
उत्तर गोव्यासह देशात पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता, अपस्मार, श्रवणदोष अशा नऊ प्रकारांपैकी किमान एक, जवळपास दर आठांतल्या एका मुलात. म्हणजे चाळीसच्या वर्गात पाच. अशी मोजणी हवीच. पण पुढचे प्रश्न कोण ठरवणार? मूल किती ‘सुधारलं’ हे मोजलं जातं. मधल्या सुट्टीच्या घंटेला कानांवर हात दाबून कोपरा धरणाऱ्या मुलाला ही शाळा सोसवते का, हे विचारायला त्या अनुभवातून गेलेली माणसं लागतात.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं सहावं कलम इथे फार मोलाचं आहे. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा रीतीने संमती घ्यायची, शिवाय समितीची पूर्वपरवानगी. आणि त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे. हेच तत्त्व प्रश्नावली बनवतानाही लागू व्हावं. न बोलणाऱ्या मुलाचं मत कसं घ्यायचं, असा आक्षेप येतो. चित्रांची कार्डं आहेत, टॅबलेट आहे. नकार तर मूल हात मागे घेऊनही सांगतं, तो नोंदवायची तयारी हवी. त्या अनुभवातून गेलेल्या संशोधकांच्या तटस्थतेची शंकाही टिकत नाही. मधुमेही डॉक्टरने मधुमेहावर संशोधन केलं तर कोणी हरकत घेत नाही; विश्वासार्हता पद्धतीतून आणि पडताळणीतून येते. निधी देणाऱ्यांनी अर्जातच विचारावं: आराखडा ठरवताना त्या अनुभवातून गेलेले किती जण सोबत होते, आणि त्यांना मानधन दिलं का?