धंदा कोणाच्या नावावर?

नोकरीला माणूस ‘लागतो’ आणि धंद्यात ‘पडतो’, अशी आपल्या भाषेचीच समजूत आहे. तरीही आज घराघरांतून मसाले, शिकवण्या, केक, सॉफ्टवेअर असे उद्योग निघत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मुहूर्त, पाटी आणि पेढे यांवर घरात भरपूर चर्चा होते. हा धंदा कायद्याच्या दृष्टीने कोणाचा, हा प्रश्न मात्र सीएच्या टेबलावर पाच मिनिटांत उरकला जातो. बँकेच्या कर्ज विभागात उमेदीची वर्षे घालवलेल्या मला वाटते, की घरातल्या सर्वांनी बसून बोलावे असा तोच प्रश्न आहे. त्याचे उत्तर चुकले, तर किंमत पुष्कळदा दुकान देत नाही, घर देते.

सर्वांत सोपा प्रकार एकल मालकीचा. नफा मालकाचा, आयकरही त्याच्या वैयक्तिक दरानेच. परंतु कायदा मालक आणि दुकान यांत फरक करीत नाही. दुकानाचे देणे थकले, तर मालकाची खासगी मालमत्ताही त्यात ओढली जाते. ज्याला कर्ज नाही, मोठी उधारी नाही, अशा लहान उद्योगाला हा प्रकार पुरेसा आहे.

भागीदारीला आपल्याकडे नात्याचा मुलामा असतो. दोन साडू एकत्र येतात आणि ‘आपल्यात कागद कशाला?’ म्हणतात. १९३२ चा भागीदारी कायदा नाते पाहत नाही. पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो. थोरल्याने पेढीच्या नावावर उधार माल उचलला, तर व्यापारी पूर्ण रक्कम धाकट्याकडे मागू शकतो. नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसलेल्या पेढीला करारानुसार येणे असलेल्या रकमेसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. करारात वेगळे ठरले नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर पेढीही संपते.

यावर उतारा म्हणून कंपनी आली. लंडनमध्ये आरन सॉलोमन नावाचा बूट तयार करणारा व्यापारी होता. सात सभासद हवेत म्हणून त्याने पत्नी आणि पाच मुलांना एकेक शेअर देऊन १८९२ मध्ये कंपनी काढली. ती लवकरच बुडाली. ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, असे म्हणत देणी त्याच्या गळ्यात घालण्याचा प्रयत्न झाला. खालच्या न्यायालयांत तो हरला. पण १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. आपल्याकडील कंपनी कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. खासगी कंपनीला किमान दोन भागधारक लागतात; २०१३ च्या कायद्याने एकट्यालाही कंपनी काढण्याची सोय केली. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, आली. तिच्यात एका भागीदाराच्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्याच्या घरावर येत नाही. मात्र कंपनीला उलाढाल कितीही असो, दरवर्षी हिशेबतपासणी करावीच लागते; एलएलपीला ती उलाढाल चाळीस लाखांवर किंवा भांडवल पंचवीस लाखांवर गेल्यावर सक्तीची होते. संरक्षण फुकट मिळत नाही.

आणि ते पूर्णही नसते. नवी कंपनी कर्जासाठी बँकेच्या दारात गेली, की बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. बहुधा घरातल्या आणखी कोणाची तरी सहीही. १८७२ च्या करार कायद्यानुसार, वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे जा, असे त्याला म्हणता येत नाही. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनीची योजना मंजूर झाली, म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केले. कायद्याने बांधलेली भिंत अशी एका सहीने खिंडार पडून बसते. पुरवठादार आणि गिऱ्हाइके यांच्यापुरती ती टिकते, बँकेपुरती नाही.

शेवटच्या पानावर सही करताना ‘ही कशाबद्दल?’ असे विचारणाऱ्या गृहिणी मी फार थोड्या पाहिल्या. मुलासाठी सही करणारे निवृत्त वडीलही विचारीत नसत. प्रेमाच्या माणसाला कागद वाचून दाखवायला सांगणे आपल्याला अविश्वासाचे वाटते. खरे तर तो शहाणपणा आहे.

म्हणून पाटी रंगवण्याआधी घरात तीन गोष्टी ठरवाव्यात. धंदा बुडाला तर कोणत्या मालमत्तेपर्यंत देणे पोहोचेल? भागीदार गेला किंवा फुटला तर पुढे काय? आणि हमीच्या कागदावर कोणाची सही होणार, किती रकमेपुरती? लहान उद्योगांना तारण व त्रयस्थ जामीन न देता कर्ज मिळावे म्हणून २००० पासून केंद्र सरकारची पत हमी योजना आहे. आपण तिच्यात बसतो का, हे बँकेत आधी विचारावे. एवढे झाल्यावर एकल मालकी, भागीदारी की कंपनी, हे सीएला सांगणे सोपे जाईल. आणि मग धंद्यात खुशाल पडावे.