चौथ्या घटकातले बाबासाहेब



गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. ती मध्य मुंबईतल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. एम.ए.ला आम्ही एकाच बाकावर बसायचो. एम.ए.च्या एका ऐच्छिक पेपरचा मसुदा करायचे काम तिच्याकडे आले होते. विषय जात आणि भारतीय समाज, चार क्रेडिट, साठ तास, चार घटक. 'तू वस्तीत काम करतेस, ये, जरा बघ,' म्हणाली. रविवारी लालबागला तिच्या घरी बसलो. तिने आधीचा आराखडा पुढे ठेवला. पहिला घटक जातीचे सिद्धांत : घुर्ये, ड्युमाँ. दुसरा संस्कृतीकरण : श्रीनिवास. तिसरा जात आणि राजकारण. चौथा 'दलित दृष्टिकोन' : फुले, आंबेडकर, दलित साहित्य, दलित स्त्रीवाद, आरक्षण. हे सगळे एकाच घटकात, पंधरा तासांत.

ज्याने एम.ए. केले आहे त्याला चौथा घटक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सत्र संपत आलेले असते, परीक्षेचे वेळापत्रक लागलेले असते, सर म्हणतात, 'हे तुम्ही वाचून घ्या.' झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स येतात. आणि मुले तो घटक ऑप्शनला टाकतात. मीही टाकला होता. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढे, आणि परीक्षेत बाबासाहेब ऑप्शनला! आज हे लिहिताना लाज वाटते, पण माझ्यासारखे किती जण असतील ते मोजा.

प्रश्न नाव आहे की नाही एवढाच नाही. नाव आता बहुतेक ठिकाणी असते. प्रश्न ते कुठे आहे याचा आहे. पहिल्या घटकात सिद्धांत असतो, शेवटच्या घटकात दृष्टिकोन. घुर्ये सिद्धांत मांडतात, श्रीनिवास संकल्पना देतात आणि बाबासाहेब मात्र 'दृष्टिकोन' मांडतात! म्हणजे इतरांचे ते ज्ञान आणि आमचे ते गाऱ्हाणे.

जरा तारखा बघू. बाबासाहेबांनी जातीच्या उत्पत्तीवरचा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला १९१९ साली. घुर्ये विभागाचे प्रमुख झाले १९२४ साली, त्यांचे जातीवरचे प्रसिद्ध पुस्तक आले १९३२ साली. म्हणजे विभाग उघडण्याआधी निबंध छापलेला होता. तरी आज अनेक विद्यापीठांत बाबासाहेबांना 'सबाल्टर्न दृष्टिकोन' या खणात बसवतात. त्या नावाचा अभ्यासप्रवाह पुढे आला १९८२ साली. १९१६ च्या निबंधासाठी १९८२ चे कपाट!

आणि त्या निबंधात काय आहे? स्वजातीतच विवाह करण्याचे बंधन हे जातीचे मूळ आहे, आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली आल्या, अशी ती मांडणी आहे. स्त्रीच्या देहावर ताबा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही, हे पंचविशीतला एक विद्यार्थी सांगतो आहे. हे सिद्धांत नाही तर काय आहे? शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात शिकवताना हा धागा उचलला आणि २०१३ साली बाबासाहेबांच्या ब्राह्मणी पितृसत्तेवरील लेखनाचे पुस्तक केले. पण ते पुस्तकही पुन्हा 'दलित स्त्रीवाद' म्हणून चौथ्याच घटकात जाऊन पडते.

मैत्रीण म्हणाली, 'अगं, अभ्यास मंडळात विचारतील, ते समाजशास्त्रज्ञ होते का?' मी म्हटले, मार्क्स कुठल्या समाजशास्त्र विभागात नोकरीला होता? त्याला कोणी विचारत नाही. आणि बाबासाहेब तर प्राध्यापकही होते. १९१८ ते १९२० या काळात परळच्या बीआयटी चाळीतून उठून ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला जात.

ते नुसते शिकवून थांबले नाहीत. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती नेमली होती. तिच्या प्रश्नावलीला त्यांनी सविस्तर लेखी उत्तर दिले. नुसती परीक्षा घेणारी संस्था म्हणजे विद्यापीठ नव्हे, अध्यापन आणि संशोधन वेगळे करू नये, काय शिकवायचे आणि कसे तपासायचे यात शिकवणाऱ्याचा अधिकार हवा, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. एका हाताने वसतिगृहे आणि वाचनालये, दुसऱ्या हाताने विद्यापीठाची घटना. पुढे १९२७ साली कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी सिनेटमध्ये मागासवर्गीयांचे प्रतिनिधी मागितले. विद्यापीठाच्या आत निर्णय कुठे होतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

आपल्याला ते ठाऊक आहे का? २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपण विद्यापीठाच्या नावासाठी लढलो. पोचीराम कांबळेंसारख्यांनी जीव दिला. त्या लढ्याबद्दल एक शब्दही कमी बोलणार नाही. पण नावाखाली काय शिकवतात, हे त्यानंतर आपल्यापैकी किती जणांनी जाऊन पाहिले? अभ्यासक्रम अभ्यास मंडळात तयार होतो, विद्याशाखेतून विद्या परिषदेत जातो आणि मंजूर होतो. तिथे ना मोर्चा असतो ना घोषणा. पाच-दहा माणसे, चहा-बिस्किटे आणि एक पीडीएफ. तिथेच ठरते की परळचे पोर परळबद्दल काय शिकणार.

परळचे म्हणते, कारण तो मुद्दा आमच्या मसुद्यात सर्वांत जास्त वेळ खाऊन गेला. कामगारवर्ग शिकवताना मँचेस्टर येते, गिरणगाव येत नाही. आलेच तर १९८२ चा संप येतो. पण गिरणीच्या आत जात होती, हे कोण शिकवते? विणकाम खात्यात, म्हणजे साचेखात्यात, पगार जास्त. तिथे धोट्यात नवे सूत भरले की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. म्हणून आमच्या आज्या-पणज्यांच्या घरची माणसे कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. वर्ग आणि जात यांच्यावर साठ तास बोलता येईल एवढा ऐवज त्या एका धोट्यात आहे. आम्ही तो तिसऱ्या घटकात घेतला, आणि विद्यार्थ्यांनी जुन्या गिरणी कामगारांच्या मुलाखती घ्याव्यात असे प्रात्यक्षिक ठेवले. ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. मॉलखाली गिरणी गेली, चाळीही जात आहेत, उशीर करून चालणार नाही.

दुसरा अडथळा भाषेचा. वाचन यादी सगळी इंग्रजी. 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) याच मुंबईत मराठीत लिहिले गेले आणि मराठी माध्यमातून आलेली मुलगी बाबासाहेब वाचते ते इंग्रजी पुस्तकातल्या तळटीपेतून! ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ चे मराठी पुस्तक चळवळीतल्या बायकांच्या मुलाखतींवर उभे आहे. ते यादीत 'पूरक वाचन' होते. आम्ही ते मुख्य वाचनात आणले. दर सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभे राहून आपली माणसे पगारातले पैसे मोजून जे वाचायला नेतात, ते विद्यापीठाला पूरक वाटते.

आता थोडे आपल्याच घरचे. मसुद्याची गोष्ट वस्तीतल्या कार्यकर्त्यांना सांगितली तेव्हा एक दादा म्हणाले, 'बावीस प्रतिज्ञा टाका.' दुसरे म्हणाले, 'बाबासाहेबांवर टीका करणारे काहीच नको.' मी दोन्हीला नाही म्हटले आणि थोडी बोलणी खाल्ली. प्रतिज्ञा मी विहारात घेते. वर्गात मला वाद हवा आहे. बाबासाहेबांचा १९१६ चा सिद्धांत अपुरा आहे, असे एखाद्या विद्यार्थ्याने पुराव्यानिशी लिहिले तर त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. त्याशिवाय ते सिद्धांतकार म्हणून पहिल्या घटकात बसणार नाहीत, पुन्हा फोटोत जाऊन बसतील.

बाहेरची हवा काय आहे तेही लक्षात ठेवा. २०२१ साली दिल्ली विद्यापीठाने इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून बामा आणि सुकीर्तराणी या दोन दलित लेखिका काढल्या, महाश्वेतादेवींची 'द्रौपदी'ही काढली. नव्या धोरणात 'भारतीय ज्ञान प्रणाली' आली आहे. त्यात बुद्ध, चार्वाक आणि जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' येणार की नाही, हेही अशाच एखाद्या पीडीएफमध्ये ठरणार आहे. आपल्यातले जे प्राध्यापक आहेत, विभागप्रमुख आहेत, त्यांनी अभ्यास मंडळावर जाण्यासाठी धडपड करावी. जे विद्यार्थी आहेत त्यांनी निदान आपल्या पेपरचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून पूर्ण वाचावा.

आमचा मसुदा मागच्या सोमवारी गेला. १९१६ चा निबंध पहिल्या घटकात आहे, घुर्येंच्या आधी, आणि घुर्येही आहेत. मैत्रिणीला वरून एक फोन आला, 'क्रम थोडा बदलता येईल का?' ती म्हणाली, 'सर, क्रम तारखेप्रमाणे लावला आहे.' बैठक अजून व्हायची आहे.