राजाच्या बागेत भाताचं खाचर

वाचकहो, बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गुलाब, मोगरा, फार तर कारंजं येतं. पण जपानात ओकायामा नावाच्या शहरी एक राजाची बाग आहे आणि तिच्यात चक्क भाताचं खाचर आहे, शेजारी चहाचा मळा आहे. आज तुम्हांला तिकडेच न्यायचं आहे.

ओसाका शहरातून वेगवान आगगाडीनं पाऊण तासात ओकायामा येतं. स्टेशनाबाहेर ट्राम उभी असते. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. इथली १९१२ पासून रस्त्यावरून खडखडत चालली आहे. ट्राममधून उतरून थोडं चाललं की काळ्या फळ्यांचा किल्ला दिसतो. लोक त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात! त्याच्या पायथ्याशी आसाही नदी आणि नदीपल्याड ही कोराकुएन बाग, सुमारे तेहतीस एकरांची.

बाग पाहण्याआधी नदीची गोष्ट ऐका. १६५४ साली या नदीला मोठा पूर आला आणि किल्ल्याभोवतीचं गाव पार उद्ध्वस्त झालं. पुढे त्सुदा नागातादा नावाच्या कारभाऱ्यानं शहराच्या वरच्या अंगाला नदीकाठी मुद्दाम ठेंगणा बांध ठेवला. पाणी ठरावीक उंचीच्या वर चढलं की बांधावरून सांडावं आणि बाजूनं खणलेल्या रुंद पात्रातून शहराला वळसा घालून समुद्राकडे जावं, अशी तजवीज. आपल्या तळ्याच्या सांडव्यासारखीच, फक्त नदीएवढी मोठी. त्या पात्राचं नाव हयाक्केनगावा, म्हणजे शंभर केन रुंदीची नदी. केन हे सहा फुटांचं जुनं माप. आजही पुराचं जादा पाणी त्याच वाटेनं जातं.

शहर वाचलं हे खरं. पण त्या पात्रात भाताची शेतं होती. पूर आला की शहराऐवजी पाणी त्यांच्यावरून जायचं. बागेच्या माहितीत ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपण शेतकऱ्यांनी ती लक्षात ठेवायला हवी.

याच त्सुदानं समुद्र हटवून हजारो एकर नवी भातजमीन काढली आणि याच्याच हाती राजा इकेदा त्सुनामासा यानं बागेचं काम सोपवलं. काम १६८७ साली सुरू झालं आणि १७०० साली पुरं झालं. पाणी नदीच्या वरच्या अंगाहून पाट काढून आणलं. तो पाट बागेभर असा खेळवला आहे की कुठं संथ, कुठं खळखळता. र्‍युतेन नावाच्या एका उघड्या इमारतीच्या तर मधोमध पाट जातो, त्यात सहा रंगीत दगड मांडलेले. दोन्ही बाजूंना बसून पाण्याकडे बघायचं, एवढंच तिथलं काम. भर उन्हाळ्यात मोटेच्या थारोळ्याशी पाय सोडून जो बसला असेल, त्याला हे सुख समजावून सांगायला नको.

आणि ते खाचर! त्याचे नऊ चौकोन आहेत. ही चीनमधली फार जुनी कल्पना. आठ कुटुंबांनी भोवतालचे आठ तुकडे आपापले कसायचे आणि मधला नववा सगळ्यांनी मिळून राजासाठी कसायचा. तो शेतसारा. सुरुवातीला बागेत शेती आजच्याहून पुष्कळ होती, नंतर तिथं हिरवळ आली. आता राहिलेल्या खाचरात दर जूनमध्ये जुन्या पोशाखात बायका गाणी म्हणत लावणी करतात. मे महिन्यात चहाच्या खुडणीचा सण असतो.

कोराकुएन या नावाचा अर्थ ‘मागाहून सुख घेण्याची बाग’. राज्य करणाऱ्यानं आधी लोकांची काळजी वाहावी, सुख मागाहून घ्यावं, या चिनी वचनावरून ते आलं. मात्र नाव दिलं १८७१ साली, म्हणजे बाग बांधणाऱ्या राजाच्या पश्चात दीडशेहून अधिक वर्षांनी. तेव्हा त्याचं श्रेय त्सुनामासाला देण्याची घाई नको. ठरावीक दिवशी तो प्रजेला आत येऊ देई, हे मात्र त्याच्या पदरात घालू. सर्वांसाठी बाग खुली झाली १८८४ साली. पुढं १९३४ च्या पुरात ती बुडाली, १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाली आणि जुनी चित्रं पाहून लोकांनी ती पुन्हा उभी केली. र्‍युतेन मात्र वाचली.

बाहेर आलात की बाजारात पांढरे पीच बघा. झाडावर एकेका फळाला कागदी पिशवी घालतात, म्हणून साल फिकट आणि निर्मळ राहते. नाशिककडे द्राक्षांच्या घडांना कागद गुंडाळतात, तसाच हा प्रकार. भगिनींसाठी एक खास गंमत. त्सुनामासाच्या बापानं काटकसरीचा हुकूम काढला होता म्हणे, जेवणात एक कढण आणि एकच तोंडीलावणं. तेव्हा बायकांनी मासे, भाज्या डब्याच्या तळाशी घातल्या, वर पांढरा भात पसरला आणि जेवायच्या वेळी डबा उलटा केला! तिथला बाराझुशी नावाचा भात असा जन्मला, असं सांगतात. हुकूमही पाळला गेला आणि पोरांच्या तोंडची चवही गेली नाही.

जपान लांब आहे, पण पुणं लांब नाही. सिंहगड रस्त्यावर दहा एकरांत कोराकुएनच्या धर्तीवर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान केलं आहे; त्याला पु. ल. देशपांडे यांचं नाव दिलं आहे. दवाखान्याच्या, कोर्टाच्या कामाला पुण्यात गेलात आणि दोन तास मोकळे सापडले, तर घरच्या मंडळींना घेऊन जा. तिथं कालव्याचं पाणी उतारावरून झऱ्यासारखं खेळवलं आहे. पाणी कुठून घेतलं, कुठं अडवलं आणि कुठं सोडलं, ते काठाकाठानं चालत बघा.